तिसरा पुरावा

७ जानेवारी, सोमवार

कंपनीने यंदाही प्रत्येकाला एकेक डायरी दिली. गेली एकोणीस वर्षं मी ती किराण्याच्या याद्या करायला वापरली. यंदा खरोखरच लिहायचं ठरवलं आहे, कारण आठव्या आवृत्तीचं काम आजपासून सुरू झालं. शिवाय हाताने लिहिलं की शब्दाखाली लाल रेघ येत नाही.

ती लाल रेघ माझीच. देशात दहांतल्या नऊ संगणकांवर जो लेखनाचा प्रोग्राम आहे तो आमच्या कंपनीचा, आणि त्यात चुकीच्या शब्दाखाली जी रेघ उमटते ती आमच्या विभागाची. विभागात आम्ही चार जण. निवृत्तीनंतर व्याकरण बघायला येणारे गुरुजी, शब्दांची कार्डं सांभाळणारी कपाटताई, आमची यादी प्रोग्रामात बसवणारा प्रोग्रामर आणि मी, विभागप्रमुख. पाठीमागे मला सगळे ‘लालबाई’ म्हणतात. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही, आणि तसंच राहू दे.

नियम पहिल्या आवृत्तीपासून एकच आहे आणि तो मी केलेला आहे. शब्द यादीत घ्यायचा तर तीन छापील पुरावे हवेत, तीन वेगवेगळ्या ठिकाणचे. दोन असतील तर कार्ड डाव्या खणात जाऊन पडतं आणि तिसऱ्याची वाट बघतं. काही कार्डं तिथे सातव्या वर्षी आहेत.

आज साहेबांनी बोलावलं. संगणकवाले, म्हणजे ज्यांच्या प्रत्येक नव्या संगणकात आमचा प्रोग्राम आधीपासून भरून येतो ते, मार्चमध्ये करार पुढे न्यायचा की नाही ते ठरवणार आहेत. “या वेळी ते जरा कां-कूं करताहेत,” साहेब म्हणाले. “करार गेला तर आधी कात्री कुठे लागेल, तुम्हाला सांगायला नको.”

नको. शब्दांचा विभाग कोणालाही बांडगूळच वाटतो. चार माणसांचं काम माझ्या हातात आहे, आणि आठवी आवृत्ती अशी काढायची की कुणाला बोट ठेवायला जागा मिळू नये. तीस मेला ती सीडीवर जाईल. मी मागे हटणारी नाही.

९ जानेवारी, बुधवार

प्रोग्रामर ‘संकेतस्थळ’ हा शब्द घेऊन आला. बँकेचं माहितीपत्रक आणि एक साप्ताहिक, असे दोन पुरावे.

“तिसरा?” मी विचारलं.

“बाई, नेटवर हजार ठिकाणी आहे.”

“नेट छापील नाही.”

“तो शब्दच नेटवरचा आहे. तो नेटवरच सापडणार ना?”

“मासा पाण्यात सापडतो, पण बाजारात आला की मगच त्याला भाव येतो,” मी म्हटलं. गुरुजी हसले, प्रोग्रामर हसला नाही. कार्ड डाव्या खणात गेलं. मला माझं उत्तर दिवसभर आवडत होतं.

१३ जानेवारी, रविवार

डॉक्टरांशी वाजलं. डॉक्टर म्हणजे आमचे हे, गुरांचे डॉक्टर. पहाटे पाचला उठून कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यात जातात, आणि त्याआधी किंवा नंतर घरच्या संगणकावर आदल्या दिवशीच्या नोंदी लिहितात. त्या नोंदींचं पान उघडलं की सगळीकडे लाल रेघा. निम्म्या त्यांच्या चुकांच्या आहेत. ‘शेण’ हा शब्द हा माणूस ‘शेन’ लिहितो, रोज त्यात उभा राहत असूनही. पण उरलेल्या निम्म्या शब्दांसाठी त्यांचं माझ्याशी वीस वर्षं भांडण आहे.

“शेपटाळं घेतलंस का या वेळी?”

शेपटाळं म्हणजे डोकं आणि पुढचे पाय सोडून शेपटाकडून बाहेर येऊ बघणारं वासरू. हा शब्द त्यांनीच बनवला आहे.

“अहो, तो तुमचा एकट्याचा शब्द आहे. छापलाय कुणी?”

“गायीने छापायचा का?”

“तीन पुरावे आणा, घेते.”

“तुझी रेघ मला रोज सकाळी सांगते की मी बघितलं ते झालंच नाही,” ते म्हणाले आणि चहा अर्धा टाकून निघून गेले. इतकं मनाला लावून घ्यायचं काय कारण, कळलं नाही. वय झालं की माणूस हळवा होतो.

२५ जानेवारी, शुक्रवार

आज एक भयंकर गोष्ट बघितली. कपाटताई जेवणाच्या सुट्टीत तिच्या भावाला पत्र लिहीत होती आणि ते आमच्या प्रोग्रामात नव्हतं. नेटवर ‘पाटी’ नावाचं एक पान आहे. ब्राउझर उघडा, पाटी उघडा, लिहायला लागा. सीडी नाही, खोका नाही, फुकट. घरी जाऊन उघडलं तरी लिहिलेलं तिथेच असतं.

“आपल्याच कंपनीत बसून?” मी विचारलं.

“बाई, आपली सातवी आवृत्ती माझ्या घरच्या जुन्या संगणकावर चढतच नाही. नवा घ्या म्हणते.”

मी पाटी उघडली. तिथेही लाल रेघ आहे, पण शब्दांची यादी कोणी करायची, तर लोकांनी! कुणीही शब्द टाकतो. तीन माणसांनी ‘बरोबर’ हे बटण दाबलं की रेघ सगळ्यांसाठी जाते. तीन पुरावे नाहीत, तीन टपली मारणारे! मग व्हायचं तेच झालेलं. ‘आशिर्वाद’ चारशे बारा जणांनी बरोबर ठरवला आहे. ‘उज्वल’, ‘महत्व’ हेही बिनघोर फिरताहेत.

जीव थंडावला. असल्या आंधळ्या कारभाराला घाबरायचं काय? त्यांच्या शंभर चुका छापून घेतल्या आहेत. घरी जेवणाच्या टेबलावर बसून प्रत्येकीपुढे लाल पेनाने बरोबर शब्द आणि कारण लिहिलं. साहेबांपुढे टाकते म्हणजे पाटीचं नाव काढणार नाहीत. डॉक्टरांना जेवताना एकेक चूक वाचून दाखवली. ते म्हणाले, “अगं, घास तरी गिळ.”

४ फेब्रुवारी, सोमवार

माझी फजिती झाली, आणि तीही साहेबांच्या खोलीत.

शंभर चुकांची यादी ठेवली त्यांच्यापुढे. साहेबांनी पाटी उघडून ‘आशिर्वाद’ टंकला. खाली लाल रेघ! उजवीकडे सूचना: ‘आशीर्वाद. मूळ आशीः, म्हणून शी दीर्घ.’ साहेबांनी दुसरा शब्द बघितला, तिसरा, दहावा. शंभरांतल्या एक्क्याण्णव चुका दहा दिवसांत दुरुस्त झालेल्या.

“बाई, आपल्या सातव्या आवृत्तीत एक चूक होती, आठवतं?”

आठवतं. ‘निर्भर्त्सना’मधला एक रफार पडला होता. अडीच वर्षं तो लाखो संगणकांवर तसाच राहिला, कारण सीडी एकदा खोक्यात गेली की परत बोलावता येत नाही.

“त्यांना दहा दिवस लागले,” साहेब म्हणाले.

जागेवर येऊन बघितलं. पाटीत दुरुस्ती करणाऱ्याने कारण लिहिलं की ते सगळ्यांना दिसतं आणि लोक आपलं मत बदलतात. या सगळ्या दुरुस्त्या एकाच माणसाने केल्या आहेत. त्याने घेतलेलं टोपणनाव आहे ‘तिसरा पुरावा’.

पायाखालची जमीन सरकली. हे नाव बाहेरच्याला सुचणारच नाही. माझ्या विभागातला कोणीतरी घरभेदी निघाला आहे. आणि कारणं इतकी नेमकी, अगदी मी दिली असती तशी! राग येतो आणि कौतुकही वाटतं, हे कुणाला सांगू?

१४ फेब्रुवारी, गुरुवार

तिसरा पुरावा पहाटे काम करतो. दुरुस्तीपुढे वेळ लिहिलेली असते, पावणेपाच, पाच. गुरुजी पहाटे उठतात. आणि मधूनमधून तो ‘कासदाह’, ‘फऱ्या’ असले गुरांच्या आजारांचे शब्द टाकतो. गुरुजींकडे लहानपणी म्हैस होती. दोन आणि दोन चार.

मी पाटीच्या चुका गोळा करणं थांबवलेलं नाही. रोज पंधरा-वीस शोधते, घरी टेबलावर बसून दुरुस्त करते आणि कागद तिथेच फळांच्या परडीखाली ठेवते. करारापर्यंत हजार जमवायच्या आहेत. पण हा माणूस माझ्या पुढे एक पाऊल असतो. मी ज्या चुका संध्याकाळी काढते त्या सकाळी ऑफिसात पोचेपर्यंत त्याने दुरुस्त केलेल्या असतात. त्याची नजर माझ्याइतकीच तयार आहे.

घरी मात्र एक सुख. डॉक्टरांना उतारवयात शुद्धलेखनाची गोडी लागली. आज न्याहारीला विचारत होते, “महत्त्वमध्ये दोन त कसे गं?” महत् अधिक त्व, असं समजावून सांगितलं. मन लावून ऐकलं. सव्वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टर काल पहाटे तीनला एका अडलेल्या गायीसाठी गेले ते आज दुपारी परतले. वासरू वाचलं. अंगाला वास, डोळे लाल, पण चेहरा खुललेला.

तिसऱ्या पुराव्याने आज एकही दुरुस्ती केली नाही. आजारी असेल. मला उगीच चुकल्यासारखं वाटलं.

१९ मार्च, बुधवार

संगणकवाले आले होते. मोठे अधिकारी दोघे येणार होते, आला एकटाच, टक्कल पडलेला, थकलेला. नवा संगणक घेऊन आला होता. टेबलावर ठेवला तर वहीएवढा. साहेबांनी तो उचलला, डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला, उलटा केला.

“सीडी कुठे घालायची?”

“खाच नाही,” टकले गृहस्थ म्हणाले.

“मग आमचा प्रोग्राम आत जाणार कुठून?”

“त्यासाठीच आलोय.” त्यांनी पाणी मागितलं. “साहेब, आपलं इतकी वर्षं काय चालत होतं? तुमची आवृत्ती दरवेळी जड व्हायची. ती पेलायला लोक आमचा नवा दणकट संगणक घ्यायचे. आमचा संगणक दणकट झाला की तुम्ही आणखी जड व्हायचात. दोघांचं पोट भरायचं. आता लोकांना फक्त नेट हवंय. पाटीसारखी पानं दहा वर्षांच्या डबड्यावरही चालतात. मग नवा संगणक कोण घेणार? आमच्या दोन कारखान्यांतला एक बंद झाला. हे चिमुकलं विकून तग धरायची धडपड आहे.”

म्हणजे ज्यांच्या भरवशावर आम्ही बसलो होतो ते स्वतःच बुडत्याचा पाय खोलात अशा अवस्थेत आहेत.

साहेबांनी तरीही आठवी आवृत्ती दाखवायला सांगितली. आमच्या जुन्या दणकट संगणकावर प्रोग्रामरने ती चालू केली. टकले गृहस्थ खुर्ची ओढून बसले आणि सहज टंकू लागले: ‘आमच्या संकेतस्थळावर आपले स्वागत आहे.’

‘संकेतस्थळावर’च्या खाली लाल रेघ आली. प्रोग्रामर खिडकीबाहेर बघत होता.

“हा शब्द चुकलाय का?” त्यांनी मला विचारलं.

“चुकला नाही. तिसरा छापील पुरावा मिळालेला नाही.”

ते थोडं हसले, पण कुचेष्टा नव्हती त्यात. “बाई, ज्याने आपल्या दोघांचं दुकान उठवलं त्याचं नावही तुमच्या प्रोग्रामाला ठाऊक नाही.”

करार गेला.

२० मार्च, गुरुवार

काल न्हाणीघरात नळ सोडून रडले. डॉक्टरांनी दार वाजवलं नाही, बाहेर बसून राहिले.

मी मूर्ख नव्हते, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे. सीडीवर गेलेली चूक पुसता येत नाही, म्हणून तो नियम होता. शब्द अडीच वर्षांसाठी दगडावर कोरायचा तर खात्री करूनच कोरायला हवा. पण आता दगडच राहिला नाही आणि मी अजून छिन्नी घेऊन बसले आहे. हे मला कळायला एक अनोळखी टकला माणूस यावा लागला.

‘संकेतस्थळ’चं कार्ड डाव्या खणातून काढून पर्समध्ये ठेवलं.

२ एप्रिल, बुधवार

साहेबांनी सांगितलं. आठवी आवृत्ती निघणार नाही. कंपनी आता स्वतःचं नेटवरचं लेखनाचं पान काढणार, त्याला वर्ष लागेल आणि त्यात शब्दांचा विभाग नसेल. आम्ही चौघं जूनअखेरपर्यंत.

“आणि कपाटं?” मी विचारलं. “साडेतीन लाख कार्डं आहेत.”

“रद्दीत द्यावी लागतील, बाई. जागा सोडायची आहे.”

“मला द्या.”

“घरी नेऊन काय करणार?”

“ते माझं मी बघते. तुम्ही फक्त लिहून द्या.”

त्यांनी लिहून दिलं. बिचारे स्वतःही बहुतेक डिसेंबरपर्यंतच आहेत. खाली येऊन तिघांना खरं काय ते सांगितलं. कपाटताईच्या भावाचं शिक्षण तिच्यावर आहे. प्रोग्रामरला दुसरी मुलगी झाली, तीन महिन्यांची आहे. गुरुजी म्हणाले, “माझं काय, मी आंब्याच्या झाडाखालीही बसेन,” पण चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

मी म्हटलं, “जूनपर्यंत तीन महिने आहेत. कोणी रडायचं नाही.” मग स्वतःचंच न्हाणीघर आठवलं.

८ एप्रिल, मंगळवार

पाटीच्या ऑफिसात जाऊन आले. वैऱ्याच्या दारात मीच गेले, कारण जिथे शब्द आहेत तिथेच शब्द बघणाऱ्यांना काम असणार.

वैऱ्याचं दार एका चपलांच्या दुकानाच्या वर निघालं. एक खोली, सात-आठ संगणक, दोघी मैत्रिणी. एक उंच, एक चष्मेवाली. दोघी तिशीतल्या. मी नाव सांगायच्या आत उंच मुलगी म्हणाली, “लालबाई?” आणि जीभ चावली. आमच्या प्रोग्रामरची वर्गमैत्रीण आहे म्हणे.

संगणक ओळखीचे वाटले. प्रत्येकावर संगणकवाल्यांचं जुनं चिन्ह आणि शेजारी आमच्या पाचव्या आवृत्तीचा बिल्ला. भंगारातून आणलेत. ज्या यंत्रांना आम्ही ‘जुनी झाली, टाकून द्या’ म्हटलं होतं त्यांच्यावरच ही पाटी उभी आहे.

मी सांगितलं, साडेतीन लाख कार्डं आहेत, प्रत्येकावर शब्द कुठे आणि कधी छापला गेला याची नोंद आहे. सोबत चार माणसं येतील. कार्डं एकटी मिळणार नाहीत.

चष्मेवालीने दुसऱ्या मुलीकडे पाहिलं. “आम्हाला माणसांची गरज आहेच. लोक शब्द टाकतात, पण कारण सांगता येणारे नाहीत. फक्त एक माणूस आहे. तिसरा पुरावा. तुम्ही बघितलंय त्याचं काम?”

“बघितलंय.”

“तीन महिन्यांत दीड हजार दुरुस्त्या, एकही चूक नाही. आम्ही तीन निरोप पाठवले, उत्तरच देत नाही. तो आला तर त्याच्या हाताखाली विभाग उभा करायचा असं आमचं ठरलंय.”

“तो माझ्याच विभागातला आहे,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की. मी त्याला घेऊन येते, आणि आम्ही पाचव्या-सहाव्या मजल्यावर नाही, इथेच चपलांच्या वर बसायला तयार आहोत.”

उठताना त्यांनी आपलं व्हिजिटिंग कार्ड दिलं. खाली छापलं होतं, ‘आमचे संकेतस्थळ’. मी तिथेच उभ्या उभ्या पर्समधलं ‘संकेतस्थळ’चं कार्ड काढून तिसऱ्या ओळीत लिहिलं. त्या दोघी बघत राहिल्या. छापील आहे ते छापीलच.

आता तिसरा पुरावा शोधायचा. बोलून तर बसले आहे.

१२ एप्रिल, शनिवार

गुरुजींना थेट विचारलं. ते म्हणाले, “बाई, मला त्या माउसचा बाण हव्या त्या जागी नेता येत नाही. मी घरभेदीपणा करायचा कसा?” कपाटताई हसायला लागली, प्रोग्रामरने आईची शपथ घेतली.

कोणीही कबूल होईना, तेव्हा सापळा लावला आहे. पाटीच्या ताज्या चुकांच्या तीन वेगळ्या याद्या केल्या. एक गुरुजींना, एक कपाटताईला, एक प्रोग्रामरला, ‘जरा बघून ठेवा’ म्हणून दिली. ज्याच्या यादीतले शब्द दुरुस्त होतील तो चोर. घरी नेहमीच्या सवयीने चौथी यादी करून परडीखाली ठेवली आहे, तिचा या सापळ्याशी काही संबंध नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

तिन्ही याद्यांतला एकही शब्द दुरुस्त झाला नाही. तिघेही निर्दोष. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

पण तिसरा पुरावा थांबलेला नाही. काल पहाटे बावीस शब्द. मी चाळत होते आणि बाविसाव्यावर थांबले. कुणीतरी ‘परंपारिक’ लिहिलं होतं. त्याने दुरुस्ती केली आहे, ‘पारंपारिक’.

पारंपारिक! परंपरा अधिक इक, पारंपरिक. दुसऱ्या प-ला काना नाही, हे मी वर्गात शिकवलं आहे, भाषणात सांगितलं आहे. दीड हजारांत त्याची ही पहिली चूक. त्या दोघींना दिसली तर? माझी सगळी बोलणी त्याच्यावर उभी आहेत. शिकलेला माणूस असा कसा घसरला?

२० एप्रिल, रविवार

सकाळी परडी उचलून टेबल पुसत होते. चौथी यादी खाली पडली. शेवटची ओळ. माझं अक्षर, माझी लाल शाई: ‘परंपारिक चूक. पारंपारिक बरोबर.’

मी खुर्चीवर बसले. ही चूक जगात एकाच कागदावर होती, आणि तो कागद या घराबाहेर गेलेला नाही.

डॉक्टर आतून टॉवेलने हात पुसत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं.

“अहो, तुम्ही ‘शेण’ कसं लिहिता?”

“अं... पोटफोड्या ण. आता नीट लिहितो.”

“कधीपासून?”

“जानेवारीपासून.”

मग सगळं बाहेर आलं. जानेवारीत त्या भांडणानंतर ते दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या सांगण्यावरून पाटीवर नोंदी लिहायला लागले. तिथे त्यांचे शब्द घेतले गेले. पुढे मी रोज जेवताना एकेक चूक वाचून कपाळाला हात लावू लागले. “मला वाटलं, दुरुस्त करून टाकू, म्हणजे तुझा जीव जेव्हाच्या तेव्हा शांत होईल. नाव असं घेतलं कारण... तू नेहमी तेच मागतेस ना. तुझ्या कंपनीचं यात नुकसान होतंय हे मला मार्चमध्ये कळलं. तेव्हा थांबायला हवं होतं. पण चुका दिसत होत्या गं. आणि बरोबर काय ते समोर लाल शाईत लिहिलेलं होतं.”

“त्या बायकांचे निरोप?”

“आले. काय उत्तर देऊ? म्हणू, हे माझं डोकं नाही, बायकोचं आहे? तुला न विचारता?”

मला इतका राग आला की मी तासभर माळा आवरला. माळ्यावर धूळ नव्हती. मला त्यांचा राग नव्हताच खरा. माझ्या माणसाने वीस वर्षं माझ्याकडे एक शब्द मागितला आणि मी त्याच्याकडे कागद मागितले. तो शेवटी परक्याच्या दारात गेला, आणि तिथे जाऊनही माझंच काम करत बसला. हे मला फार लागलं.

आणि एक गोष्ट माळ्यावरून उतरताना कळली. त्या दोघी ज्याला शोधत होत्या ती मी होते.

२१ एप्रिल, सोमवार

डॉक्टरांना घेऊन चपलांच्या दुकानावर गेले. लपवाछपवी न करता सांगितलं: हात यांचा, डोकं माझं, आणि ‘पारंपारिक’ ही चूकही माझी. त्यांनी लगेच शोधली. त्यांच्या नजरेतून ती सुटली होती.

चष्मेवाली म्हणाली, “म्हणजे तुम्ही सांगितली नसती तर आम्हाला कळलंच नसतं.”

“म्हणूनच सांगितली. माझी चूक अडीच वर्षं कुठे राहायला नको.”

तिथेच बसून मी ती पुसली. सोळा सेकंद लागले, घड्याळ लावून पाहिलं. एकोणीस वर्षांत अशी चैन मला कोणी दिली नव्हती. एक जुलैपासून आम्ही चौघं तिथे. कपाटं जिन्यावरून चढवायची कशी हा प्रश्न आहे. प्रोग्रामर म्हणतो दार काढावं लागेल, काढू. गुरुजींनी फोनवर दोनदा विचारलं, माउस अनिवार्य आहे का.

संध्याकाळी घरी डॉक्टरांच्या खुर्चीत बसून पाटी उघडली. त्यांच्या शब्दांची यादी काढली. चौऱ्याऐंशी शब्दांखालची रेघ गेलेली. एकाखाली अजून होती.

‘शेपटाळं. शेपटाकडून जन्माला येणारं वासरू. पुरावा: गाय.’ बरोबर म्हणणारे दोन.

“दुसरा कोण?” मी विचारलं.

“कंपाउंडर. त्याने स्वतः ओढून काढलंय एक.”

“मग तिसरा का नाही मिळवला? दवाखान्यात येणाऱ्या कुणालाही सांगितलं असतंत तर दाबलं असतं.”

डॉक्टर चहा ढवळत राहिले. चहात साखर नसते त्यांच्या.

“ती जागा ठेवली होती,” ते म्हणाले.

मी चष्मा लावला. अर्थ पुन्हा एकदा वाचला, शुद्धलेखन तपासलं, अनुस्वार जागेवर होता. मग बटण दाबलं.